एकच पैठणी, दोन रंग: कॅमेऱ्यातली कलर स्पेस, रॉ आणि जेपेग

नाशिककडचं एक लग्न. दोन फोटोग्राफर, दोन कॅमेरे आणि शेवटी एक छापील अल्बम, १२ बाय ३६ इंचांच्या शीटचा. सप्तपदीच्या शीटवर डाव्या बाजूला नवरीची पैठणी दाट मोरपंखी दिसते. उजव्या बाजूला, दोन पावलं पुढे गेलेल्या त्याच नवरीच्या अंगावर तीच पैठणी मळकट, राख मिसळल्यासारखी. नवरीच्या आईंनी अल्बम स्टुडिओच्या टेबलावर उघडून ठेवला आणि म्हणाल्या, "आम्ही येवल्याला जाऊन, मागावर बघून घेतलेली साडी आहे ही. इकडची बरोबर आहे. तिकडची आमची नाही."

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. मी स्टुडिओंसाठी अल्बमच्या रंगदुरुस्तीची कामं करतो, म्हणून मालकांनी दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइली मला तपासायला दिल्या. प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण कॅमेऱ्याच्या मेन्यूतल्या 'कलर स्पेस', म्हणजे फोटोतले रंगांचे आकडे कुठल्या मापात वाचायचे, या एका ओळीबद्दल आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध गैरसमज आहेत आणि या एकाच लग्नात दोन्ही भेटले.

आधी कोणाकडे काय होतं ते सांगतो. पहिला कॅमेरा मालकांच्या हातात होता. त्यात फक्त रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, कलर स्पेस एसआरजीबी. दुसरा त्यांच्या सहायकाकडे. त्यात रॉ आणि जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातच तयार झालेला फोटो, दोन्ही, कलर स्पेस अ‍ॅडोबी आरजीबी. "त्यात रंग जास्त असतात" असं कुठेतरी ऐकून ती सेटिंग बदललेली होती आणि तशीच राहिली होती. अल्बमची घाई होती. पहिल्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली लाइटरूम या प्रोग्राममधून एसआरजीबी जेपेग होऊन डिझायनरकडे गेल्या. दुसऱ्या कॅमेऱ्यात तयार झालेली जेपेग मात्र थेट गेली, कारण कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ती छान दिसत होती.

आधी ज्यांच्यावर संशय आला

घरच्यांना पहिलं उत्तर मिळालं होतं ते असं: "रेशीम आहे, उजेड बदलला की रंग बदलतो." पैठणीच्या बाबतीत हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलताना त्यात धूपछांव दिसते, ती पैठणीची ओळखच आहे. पण धूपछांव असेल तर रंग निऱ्यानिऱ्यांत बदलतो. एकाच फोटोत एक घडी निळसर, शेजारची हिरवट दिसते. इथे अख्खी साडी पदरापासून काठापर्यंत सारखीच उतरलेली होती. शिवाय हिरव्या बांगड्याही फिक्या, मेंदीही फिकी आणि माणसांचे चेहरे थोडे निस्तेज. उजेडाला एवढं सगळं एका मापाने उतरवता येत नाही.

दुसरा संशय व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे त्या उजेडात पांढरं पांढरंच दिसावं यासाठीच्या सेटिंगवर होता. तो तपासायला सोपा. गुरुजींचं उपरणं आणि मांडवाचं पांढरं कापड दोन्ही बाजूंना पाहिलं. दोन्हीकडे पांढरं पांढरंच होतं, कुठे पिवळी किंवा निळी झाक नव्हती. व्हाइट बॅलन्स चुकला असता तर सगळ्यात आधी पांढऱ्याने चुगली केली असती. पांढरं, करडं, काळं जागच्या जागी आणि रंग तेवढे उतरलेले, हे लक्षण जवळजवळ हमखास कलर स्पेसच्या गोंधळाचं असतं. एसआरजीबी आणि अ‍ॅडोबी आरजीबी या दोन्हींचा पांढरा एकच आहे, डी६५ नावाचा, आणि उजळ-गडदाचा चढउतारही जवळपास सारखा. त्यामुळे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे समान असलेल्या जागी दोन्ही जण जवळपास एकच वाचतात. रंग जितका दाट, तितका त्यांच्या वाचनातला फरक मोठा. पैठणीत तो सगळ्यात आधी दिसला त्याचं कारण हे.

अल्बम छापणाऱ्या लॅबवरही बोट दाखवलं गेलं. पण डिझायनरच्या संगणकावरच्या मूळ शीटमध्येही उजवी पैठणी तशीच मळकट होती. लॅबने मिळालं तेच छापलं होतं.

मग फाइलींची नावं पाहिली आणि तिथेच धागा सापडला. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फाइलींचं नाव अंडरस्कोरने, म्हणजे खालच्या आडव्या रेघेने सुरू होत होतं. कॅमेऱ्याच्या फाइलींसाठी डीसीएफ नावाचा जो सामायिक नियम आहे, त्यानुसार ही रेघ पहिल्या जागी येते तेव्हा फोटो अ‍ॅडोबी आरजीबीत आहे असं समजायचं. इतकी छोटी खूण, पण कित्येक वर्षं हे काम करणाऱ्यांनाही ती माहीत नसते. फाइलीतली एक्झिफ माहिती, म्हणजे फोटोबरोबर साठलेल्या कॅमेऱ्याच्या नोंदी, उघडली तर कलर स्पेसच्या जागी 'अनकॅलिब्रेटेड' असं होतं. एसआरजीबी असेल तिथे १ हा आकडा असतो, इथे ६५५३५ होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फाइलीत रंगाचं प्रोफाइल, म्हणजे आकडे कुठल्या कलर स्पेसमधले ते सांगणारी चिठ्ठी, जोडलेलंच नव्हतं. काही कॅमेरे अ‍ॅडोबी आरजीबी जेपेगला प्रोफाइल जोडतात, काही जोडत नाहीत. तुमचा कोणता, हे कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते पान वाचून ठेवा असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

खात्री करायला फोटोशॉपमध्ये ती जेपेग उघडली आणि 'असाइन प्रोफाइल' मधून अ‍ॅडोबी आरजीबी निवडलं. पैठणी तत्क्षणी मोरपंखी झाली, चेहऱ्यांवर रक्त आलं. फाइलीतला एकही आकडा बदलला नव्हता.

आकडे तेच, मग रंग कसा बदलला

जेपेगमध्ये प्रत्येक ठिपक्यासाठी साठवलेल्या माहितीतून शेवटी तीन आकडे मिळतात, लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५. हे आकडे म्हणजे रंग नव्हेत. ते कुठल्या मापात वाचायचे हे कलर स्पेस सांगते. कापडवाल्याने चिठ्ठीवर नुसतं 'नऊ' लिहिलं आणि वार की मीटर ते लिहिलं नाही, तर मापात जी गडबड होईल तीच इथे झाली होती.

एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मांडली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्या काळच्या साध्या मॉनिटरांना जे रंग दाखवता येत, त्यांच्या मापाने ती बेतलेली होती. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ ची. छापखान्याच्या शाईला जे हिरवे-निळे जमतात, त्यातले बरेच एसआरजीबीत मावत नव्हते, म्हणून ती आली. कलर स्पेस म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा तीन कोपऱ्यांचा त्रिकोण समजा. गंमत बघा: दोन्हींचा लाल कोपरा एकच, निळा कोपरा एकच. सरकवलेला आहे तो फक्त हिरवा कोपरा. पण एक कोपरा सरकवला की त्रिकोणातल्या सगळ्याच रंगांचे पत्ते बदलतात, लालाचेसुद्धा.

एसआरजीबीतला भर लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच लाल अ‍ॅडोबी आरजीबीत लिहायचा तर २१९, ०, ० असा लिहावा लागतो. आता प्रोफाइल नसलेली ही फाइल एखाद्या प्रोग्रामने एसआरजीबी समजून उघडली, तर त्याला २१९ चा दबलेला लाल दिसणार. मोरपंखीच्या जवळचा एक रंग घ्या, एसआरजीबीत ०, १२८, १२८. अ‍ॅडोबी आरजीबीत त्याचे आकडे होतात साधारण ७२, १२७, १२७. हिरवा-निळा जवळपास तिथेच, पण लाल शून्यावरून ७२ वर. हे आकडे एसआरजीबी म्हणून वाचले की त्या ७२ च्या लालाने मोरपंखीत राख कालवली जाते. नवरीच्या आईंना दिसलेली मळकट झाक ही नेमकी तीच. गव्हाळ त्वचेचा २००, १५०, १२० हा रंग अ‍ॅडोबी आरजीबीत १८६, १४९, १२१ च्या आसपास येतो. चुकीचा वाचला की चेहऱ्यातली लाली उतरते आणि माणूस आजारी वाटतो.

डिझायनरच्या फोटोशॉपमध्ये अल्बमची शीट एसआरजीबीत होती. प्रोफाइल नसलेला फोटो आला की प्रोग्राम तो चालू कलर स्पेसमधलाच मानतो. त्याच्याकडे दुसरा पर्यायच नसतो. इथे डिझायनरचीही चूक काढता येत नाही, प्रोग्रामचीही नाही.

रॉ फाइलींचं काय झालं

इतकं समजल्यावर सहायकाचा चेहरा उतरला. "सर, माझे रॉपण अ‍ॅडोबी आरजीबीतच निघालेत. सगळं लग्न गेलं का मग?"

नाही. हा पहिला गैरसमज. रॉला यातलं काहीच लागत नाही. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. त्या गाळणीतून किती प्रकाश आला तेवढा एक आकडा रॉमध्ये नोंदला जातो, बहुतेक कॅमेऱ्यांत १२ किंवा १४ बिटांत. शेजारच्या बिंदूंवरून उरलेले दोन रंग काढायचे, व्हाइट बॅलन्स लावायचा, त्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची बोली ओळखीच्या रंगांत आणायची, ही सगळी कामं नंतरची. एसआरजीबी किंवा अ‍ॅडोबी आरजीबी हा निर्णय तर त्याच्याही नंतर, फाइल बाहेर काढताना. मेन्यूत तुम्ही काहीही ठेवलं तरी सेन्सरचे आकडे तेच राहतात. सेटिंग रॉच्या सोबत एक टीप म्हणून जाते, बस. लाइटरूम ती टीप बघतही नाही. ते आपलं काम प्रोफोटो आरजीबी या कोडॅकने आखलेल्या खूप रुंद कलर स्पेसच्या प्राथमिक रंगांवर करतं. डार्कटेबल हा दुसरा प्रोग्राम रेक२०२० या रुंद कलर स्पेसवर करतो. कॅमेरा कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम वापरत असाल तर तो ती टीप वाचून सुरुवातीची निवड तशी ठेवू शकतो. तीही एका क्लिकमध्ये बदलते.

विश्वास बसत नसेल तर कॅमेरा तिपाईवर लावून एकाच वस्तूचे दोन रॉ फोटो काढा, एक एसआरजीबी ठेवून, एक अ‍ॅडोबी आरजीबी ठेवून. एक्सपोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, हाताने पक्कं ठेवा, व्हाइट बॅलन्सही. लाइटरूममध्ये दोन्ही शेजारी लावलेत तर फरक सापडणार नाही. सहायकाला मी हेच करायला लावलं, आणि मग त्याची झोप परत आली.

इथे मालकांचा प्रश्न उलट बाजूने आला. "मग मी एसआरजीबी ठेवून इतकी वर्षं रॉमधले रंग घालवले का?" हा दुसरा गैरसमज, आणि उत्तर तेच. काही गेलेलं नाही. जुन्या लग्नांचे रॉ हार्डडिस्कवर असतील तर सेन्सरला दिसलेले सगळे रंग आजही त्यांत आहेत.

रॉ काढणाऱ्याला ही सेटिंग एकाच ठिकाणी जाणवते, आणि ते ठिकाण महत्त्वाचं आहे. कॅमेऱ्याच्या मागे दिसणारा फोटो हा रॉ नसतो. रॉच्या पोटात ठेवलेली छोटी जेपेग असते. हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडदाचा आलेख, हाही तिच्यावरूनच निघतो. आत्ताच पाहिलं की एसआरजीबीतला २५५ चा लाल अ‍ॅडोबी आरजीबीत २१९ वर बसतो. म्हणजे झेंडूच्या माळा, लाल शालू, कुंकवाने भरलेलं ताट असं काही समोर असेल तर एसआरजीबी ठेवल्यावर लालाचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला लवकर टेकतो. पडद्यावर लाल जळलेला दिसला तरी रॉमध्ये बऱ्याचदा अजून जागा शिल्लक असते. त्याला घाबरून लोक एक्सपोजर गरजेपेक्षा खाली आणतात आणि मग काळ्या केसांत, काळ्या कोटांत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो. लाल-केशरी टोकाला अ‍ॅडोबी आरजीबीचा लालही याहून दाट नसतो, कारण लाल कोपरा दोघींचा एकच. रॉमध्येही झेंडू जळला असेल तर तो बहुतेक वेळा एक्सपोजरचा प्रश्न असतो.

दुरुस्ती

मी पाहण्याआधी सहायकाने एक प्रयत्न करून ठेवला होता, सॅच्युरेशन वाढवण्याचा. त्याने पैठणी थोडी सावरली, पण जरीकाम नारिंगी झालं आणि चेहरे तांबडे. ते होणारच होतं. चुकीच्या वाचनाने प्रत्येक रंग वेगळ्या प्रमाणात सरकतो, एका स्लायडरने सगळे परत जागेवर येत नाहीत.

नीट मार्ग दोन पायऱ्यांचा, आणि क्रम चुकला तर उपयोग शून्य. आधी 'असाइन': आकडे न हलवता फाइलीला सांगायचं की तू अ‍ॅडोबी आरजीबीतली आहेस. मग 'कन्व्हर्ट': रंग न हलवता आकडे एसआरजीबीत बदलायचे. प्रोफाइल नसलेल्या फाइलीवर थेट 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' दाबलं तर प्रोग्राम ती आधीच एसआरजीबी आहे असं धरतो आणि काहीच करत नाही. मळकट पैठणी मळकटच राहते, वर तिला अधिकृत शिक्का बसतो. मग पुढच्या माणसाला मूळ घोटाळा शोधणंही अवघड होतं. उलट, खरोखर एसआरजीबी असलेल्या फाइलीला अ‍ॅडोबी आरजीबी 'असाइन' केलं तर रंग भडक होतात. म्हणून नावातली रेघ आणि एक्झिफ बघितल्याशिवाय सगळ्या फोल्डरवर एकदम दुरुस्ती करणारी अ‍ॅक्शन चालवू नका.

अल्बममधल्या बहुतेक फोटोंसाठी आम्ही हाच मार्ग घेतला. मांडव, पाहुणे, पंगत यांना तो पुरेसा होता. नवरीचे जवळून काढलेले फोटो मात्र रॉमधून नव्याने केले. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या असतात. कन्व्हर्ट करून पुन्हा सेव्ह करताना थोडी घसट होते, आणि रेशमाच्या मऊ चढउतारात ती दिसू शकते. रॉ हाताशी असताना तो धोका का घ्यायचा?

मोरपंखी एसआरजीबीत मावतो का

या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हा आहे, आणि तो चूक सापडल्यानंतर सुरू झाला. रॉमधून केलेले फोटोही एसआरजीबीत बाहेर काढल्यावर पैठणीच्या सगळ्यात दाट रंगाच्या घड्या किंचित सपाट वाटत होत्या. लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे निवडलेल्या कलर स्पेसमध्ये फोटो कसा दिसेल ते आधीच दाखवणारी सोय, चालू केलं तर त्याच घड्यांवर इशारा आला: रंग एसआरजीबीच्या बाहेर.

दाट मोरपंखी हा निळ्या-हिरव्याच्या टोकाचा रंग. एसआरजीबीचा त्रिकोण नेमका तिथेच तोकडा पडतो. असा रंग एसआरजीबीत बसवताना लालाचा आकडा शून्याच्या खाली जायला हवा असतो. तो जात नाही, शून्यावरच कापला जातो. दहा घड्यांत लालाचे दहा वेगळे आकडे असायला हवे होते तिथे सगळीकडे शून्य. घडी उजेडामुळे दिसते, पण ताण्या-बाण्याच्या रंगातली बारीक तफावत, जिच्यासाठी पैठणी पैठणी असते, ती पुसट होते. अ‍ॅडोबी आरजीबीत यातले बरेच रंग मावतात. म्हणजे सहायकाने ऐकलेली गोष्ट मुळात खोटी नव्हती. ती जेपेगपुरती खरी होती, आणि पुढची सगळी साखळी प्रोफाइल सांभाळणारी असेल तेव्हाच तिचा उपयोग होता.

लॅबला एसआरजीबीच हवी होती, तेव्हा अल्बमसाठी तडजोड केली. रॉमध्ये फक्त निळ्या-हिरव्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवलं, इशारा मावळेपर्यंत. रंग कणभर सौम्य झाला, घड्या परत आल्या. घरच्यांना शीट दाखवल्यावर नवरीच्या आईंनी साडी सोबत आणली होती, ती खिडकीच्या उजेडात शीटशेजारी धरली आणि होकार दिला. रंगाची तपासणी अशीच व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. मॉनिटर कितीही चांगला असो, साक्षीदार साडीच.

भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमसाठी तडजोड करायची गरज पडली नाही. ती फ्रेम चमकदार कागदावर इंकजेटने छापणारे वेगळे होते, आणि त्यांनी प्रोफाइलसह अ‍ॅडोबी आरजीबीतली १६ बिट टिफ मागितली. त्याच रॉमधून ती काढून दिली. दोन कामांसाठी दोन वेगळ्या कलर स्पेस, मूळ फाइल एकच. सेटिंगचा निर्णय लग्नाच्या दिवशी न घेता छपाईच्या दिवशी घेता येतो, रॉ ठेवण्याचं हेच तर कारण.

एवढं करूनही दोन कॅमेऱ्यांच्या पैठणीत अगदी थोडा फरक उरला. दोन मॉडेलांच्या सेन्सरवरच्या गाळण्या सारख्या नसतात; रेशमावरचा रंग दोघे किंचित वेगळा पाहतात आणि कुठलीही कलर स्पेस तो फरक मिटवत नाही. त्यासाठी मांडवातल्या उजेडात २४ चौकोनांचा रंगतक्ता दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपून प्रत्येकाचं स्वतःचं प्रोफाइल बनवावं लागतं. पुढच्या लग्नापासून स्टुडिओने ते सुरू केलं आहे.

आता दोन्ही कॅमेरे एसआरजीबीवर असतात, रॉ आणि जेपेग दोन्ही निघतात. त्याच संध्याकाळी घरच्यांना मोबाइलवर पाठवायचे फोटो जेपेगमधून जातात आणि वाटेत कुणी प्रोफाइल काढून टाकलं तरी रंग फारसा बिघडत नाही. अल्बमला जाणारं सगळं रॉमधून, एसआरजीबीत, प्रोफाइल जोडून. राहता राहिले पाहुण्यांच्या आयफोनवरचे फोटो. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ते डिस्प्ले पी३ या तिसऱ्याच कलर स्पेसमध्ये येतात. त्यांना प्रोफाइल जोडलेलं असतं, त्यामुळे 'असाइन' करायचं नाही, फक्त 'कन्व्हर्ट' करायचं. ही ओळ डिझायनरने मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवली आहे.